पाय मोडलेला क

क्रेइनचं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलं,
झेलंडच्या एका बेटावर, चार पानी साप्ताहिकात.
उलटी अक्षरं तो सुलटी वाचायचा,
सुलटी माणसं मात्र जरा जपून.

त्याच्या भाषेत शब्द शब्दाला चिकटतात,
मध्ये ना चा, ना ची, ना श्वासाला जागा.
विग्रह ज्याचा त्यानं करायचा, तोंडानं:
पहिल्या पदावर पाऊल आपटायचं,
दुसऱ्यावर नुसतं टेकवायचं.
कॉलम अरुंद असला की शब्द मोडावा लागतो,
आणि मोडायचा तो सांध्यावरच.
खाटकाला विचारा, तोही हाडावर सुरी चालवत नाही.

त्रेपन्नचा फेब्रुवारी. समुद्र आत येऊन गेलेला.
छापखान्यात घोटाभर गाळ, दोन कंदील,
बुडालेल्यांची यादी, आडनावांच्या क्रमानं.
यादीच्या वर एकच शब्द ओळीत मावेना:
डेइकराम्प.
डेइक म्हणजे बांध. राम्प म्हणजे अनर्थ.
मधला क हा बांधाचा शेवटचा दगड.
क्रेइननं तो उचलून खालच्या ओळीत ठेवला.

डेइ-
क्राम्प.

मांडीत आलेला पेटका.

अंक वाटून झाल्यावर कळलं.
कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं.
दोन मुलगे गेलेली पिटरनेला दारात आली,
कात्रण टेबलावर ठेवलं.
"क बांधाचा आहे, क्रेइन," म्हणाली,
आणि भिजल्या लाकडी बुटांनी परत गेली.

मी त्याच्या मुलीची भाडेकरू, पोटमाळ्यावर राहते.
मात्ये हे सांगत होती बटाटे सोलताना
आणि मी वहीत मराठीत उतरवत होते.
तेव्हा लक्षात आलं,
हा क एकटा उभा करायचा
तर आपल्याकडे त्याचा पाय मोडावा लागतो,
नाहीतर तो शेजारच्या र ला बिलगतो: क्र.
आणि क्रेइनच्या नावाची सुरुवातच ती.
थंडी होती, पाच रात्री झोप नव्हती,
हात सवयीनं स्वतःच्या नावाकडे वळला असेल.
मी मात्येला ते जोडाक्षर मोठं काढून दाखवलं.
सोलणं हातात धरून ती बघत राहिली.
"हा तर बाबाच," म्हणाली, "वाकून बसलेला."

मागच्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्त साकळलं
आणि शब्द, खिळ्यांची पेटी पालथी व्हावी तसे.
दर मंगळवारी हाजर येते, वाचा-उपचार शिकलेली.
चित्रं दाखवते, टेबलावर बोटांनी ठेका देते,
एक जोरात, एक हलका.
परवा खड्ड्याचं चित्र होतं, वर फांद्या टाकून झाकलेला.
फाल-काउल. पडण्याचा खड्डा.
क्रेइन म्हणाला, फाल्क.
थांबला.
आउल.
ससाणा. घुबड.
हाजर हसली, तोही हसला, अर्ध्या तोंडानं.
मात्ये हसली नाही.
इथे क पुढचा होता.
म्हातारा आता प्रत्येक क मागे ठेवतो.

संध्याकाळी त्याची खुर्ची आम्ही बांधावर नेली.
मेंढ्या उतारावर, पाणी शिशाच्या रंगाचं.
सूर्य टेकला तेव्हा तो म्हणाला, ऑन्डरखान.
अक्षरं तीच, शब्द दोन:
भार सुरुवातीला दिला तर मावळणं, बुडणं,
शेवटी दिला तर सोसणं.
त्यानं तो सपाट उच्चारला,
कुठेच भार न देता, आपण बोलतो तसा.
मात्येनं खुर्चीचा ब्रेक लावला.
"कुठला, बाबा?"
त्याचं चांगलं बोट दांडीवर एकदा पडलं.
आधी की नंतर,
वाऱ्यात कळलं नाही.